त्रिपाठीजींनी गयेला काय सोडलं

‘हे करण्याचा अधिकार तुम्हाला नाही,’ अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ आमच्या संगणकाच्या पडद्यावर यायची. त्या एका ओळीशी भांडण्यात माझी नोकरीतली उमेदीची वर्षं गेली. ओळ यंत्र दाखवायचं आणि राग निघायचा माझ्यावर. बनारसमधल्या माणसाला ‘थोडं थांबा’ म्हटलेलं चालतं, ‘उद्या या’ म्हटलेलंही चालतं. पण ‘तुम्हाला अधिकार नाही’ म्हणा, मग बघा! मोठमोठे प्रोफेसर लाल होऊन माझ्या टेबलापाशी यायचे. “मुझे? मुझे अधिकार नहीं है?” जणू मीच त्यांचा बापजाद्यांचा हक्क बुडवला होता.

मी परीक्षा घेणाऱ्या एका मोठ्या संस्थेच्या कम्प्युटर सेंटरमध्ये होते. संस्थेचं नाव कशाला सांगू, त्यातली काही माणसं अजून भाजी घेताना भेटतात. नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. इंटरनेट फक्त ऐकून माहीत होतं. आमचं जाळं म्हणजे काळ्या केबलींनी एकमेकांना बांधलेले संगणक. गच्चीवरून गेलेली केबल माकडांनी चावली की अर्धी संस्था ठप्प. पहिलं वर्ष मी माकडांमागे काढलं, पुढची माणसांमागे. माकडं बरी होती, ती निदान लेखी खुलासा मागत नव्हती.

लेखा विभागात एक म्हातारे बाबू होते. रोज गंगास्नान उरकून थेट कचेरीत यायचे, शिपाई कुलूप काढायच्या आधी. त्यांना यंत्र आत घेईना. ते दहा वेळा मला सांगून गेले, मी दहा वेळा त्यांच्या टेबलाशी गेले, आणि मी गेले की चालायचं! शेवटी मी पहाटे त्यांच्याबरोबरच कचेरीत गेले, तेव्हा कळलं. दिल्लीहून आलेल्या इंजिनिअरने सगळ्यांना दहा ते पाचचीच वेळ घालून दिली होती. आमच्याकडे कुणी दहाच्या आधी कामाला लागेल हे त्या भल्या माणसाच्या स्वप्नातही आलं नसावं. बाबू म्हणाले, “चलो, मशीन भी सरकारी निकली.”

आता या अधिकारांची गोष्ट जरा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संस्थेतल्या प्रत्येक माणसाची, प्रत्येक छपाईयंत्राची नोंद एका मुख्य सर्व्हरवर असे. त्या नोंदींची रचना वंशवृक्षासारखी. वर मूळ पुरुष, खाली शाखा, शाखांच्या पोटात माणसं. मूळ पुरुषाला दिलेला अधिकार आपोआप खालच्या सगळ्या शाखांत उतरतो, बापाची इस्टेट मुलाकडे यावी तसा. मात्र एखाद्या शाखेच्या तोंडाशी बांध घालता येत असे. तो घातला की वरच्याचा अधिकार तिथेच अडतो. बनारसमधल्या आमच्या मराठी घरी काकू सोवळ्यात असली की काका घरचे कर्ते असूनही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबत, तसंच. एकच अट असे. बांध घालताना त्या शाखेचा कुणीतरी एक स्वतंत्र धनी नेमावाच लागे. धनी नसेल तर यंत्र बांध घालूच देत नसे. पण नेमलेला धनी पुढे नाहीसा झाला तर काय, याचा विचार ते यंत्र करणाऱ्यांनी केला नव्हता. त्यांच्याकडे आमच्यासारखी माणसं नसतील.

आमच्याकडे होते त्रिपाठीजी. गोपनीय शाखेचे अधीक्षक. प्रश्नपत्रिका, गुण, निकाल सगळं त्यांच्या ताब्यात. त्यांच्या दाराला दोन कुलपं, वर कापड आणि लाखेची मोहर. खुद्द कुलगुरू आले तरी ते दारात उभे राहून, हात जोडून, तोंडातलं पान एका गालात सारून विचारायचे, “आज्ञा?” म्हणजे आत येऊ नका. नेटवर्क आलं तेव्हा त्यांनी दिल्लीच्या इंजिनिअरला बजावलं की जसं दार आहे तसंच मशीनमध्येही पाहिजे. वरचा कुणीही आत दिसता कामा नये. शाखेचा सर्व्हरसुद्धा वेगळा, त्यांच्याच खोलीत. इंजिनिअरने बांध घातला, धनी म्हणून त्रिपाठीजींना नेमलं, आणि हे सगळं होईपर्यंत मला दाराबाहेर उभं केलं होतं. बाहेर उभी राहून मी त्यांना मनातल्या मनात चांगल्या चार शिव्या हासडल्या.

वर्षं गेली, त्रिपाठीजी निवृत्त झाले. हार, शाल, रामचरितमानसाची प्रत, भाषणं. डोळ्यांत पाणी आणून ते घरी गेले. आणि त्याच संध्याकाळी आमच्या उपकुलसचिव सिंहसाहेबांनी स्वतःच्या हाताने त्यांचं नाव यंत्रातून पुसलं. सगळ्यांत वरचं खातं सगळ्यांत वरच्या साहेबाकडेच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, त्यामुळे ते माझ्याकडे नव्हतं, त्यांच्याकडे होतं. निवृत्त माणसाचं नाव त्याच दिवशी काढायचं हा नियम. नियम पाळला म्हणून ते खूश.

पहिले काही दिवस कुणाला काहीच कळलं नाही. मग एकेक ऑपरेटर यंत्राबाहेर पडू लागला. आमच्याकडे पासवर्डची मुदत संपे. मुदतीत बदलला नाही तर दार बंद, मग वरच्याने उघडून द्यायचं. गोपनीय शाखेतली मंडळी नेहमीप्रमाणे बेफिकीर. दार बंद झालं की माझ्याकडे आली, मी सिंहसाहेबांकडे गेले, त्यांनी ऐटीत कळ दाबली आणि पडद्यावर ओळ आली. तुम्हाला अधिकार नाही.

“मुझे?” सिंहसाहेब म्हणाले.

आठवडाभरात शाखेत एकटी विमला चालू राहिली. बाकी सगळे बाहेर. विमला कंत्राटावर होती, दर महिन्याला तिची मुदत वाढवायची. पक्की करायची फाईल कधीपासून टेबलावर पडली होती. घरी आजारी वडील आणि दोन शिकणारे भाऊ, कमावणारी ही एकटी. तिचं का चालू होतं? कारण ती नियमाने आपला पासवर्ड वेळेवर बदलत असे. बस्स, एवढाच तिचा गुन्हा. पण सिंहसाहेबांनी निष्कर्ष काढला तो वेगळाच: सगळे बाहेर आणि ही एकटी आत, तर हिनेच काहीतरी केलं. त्रिपाठीजींच्या हाताखाली शिकली, पक्कं करत नाहीत म्हणून सूड घेतला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ते हेच. चौकशी समिती नेमली गेली. महिनाअखेरपर्यंत खुलासा झाला नाही तर तिची मुदत वाढणार नव्हती, आणि वर ठपका बसणार होता. एकदा परीक्षेच्या गोपनीयतेचा ठपका बसला की बनारसमध्ये तिला कुणी पेन्सिल छिलायच्या कामावरही ठेवलं नसतं.

ती माझ्यासमोर रडली नाही. नुसतं म्हणाली, “दीदी, हम तो बस टाइम पर बदल देते थे.”

माझं डोकंच फिरलं. मी मुळातच हट्टी. काकू म्हणायची, ही पोर विहिरीत पडली तरी आधी विहिरीशी भांडेल. मी पदर खोचला. वरून कुठल्याही खात्याने शाखेकडे पाहिलं तर ती एक बंद पेटी दिसत होती, आत काय ते काही दिसेना. म्हणजे बांध. बांध म्हणजे धनी. धनी कोण? त्रिपाठीजी. त्यांना पुसलं कुणी? मी हे सगळं कागदावर चित्र काढून सिंहसाहेबांना दाखवलं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “तो क्या, त्रिपाठी के नाम से नया बना दीजिए!”

बनवलं. तेच नाव, तोच हुद्दा, अक्षर न अक्षर तेच. यंत्राने ओळखलं नाही. ते माणसाला नावाने ओळखतच नाही, जन्मताना दिलेल्या एका आतल्या खुणेने ओळखतं, आणि ती खूण पुन्हा मिळत नाही. मग टेपवर घेतलेली जुनी प्रत काढली. तिच्यात गोपनीय शाखाच नाही! प्रत घेणारं खातं वरचं, त्याला बांधापलीकडचं कधी दिसलंच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही इमानेइतबारे रिकामी पेटी तिजोरीत ठेवत आलो होतो. कपाळावर हात मारला आणि पुन्हा बसले. विमलाचं खातं चालू होतं, निदान तिच्याकडून आत काय आहे ते बघून घ्यावं म्हटलं, तर समिती म्हणे तिला यंत्राला हातच लावू देऊ नका.

शेवटी एक चोरवाट सापडली. त्या जातीच्या सर्व्हरमध्ये जुन्या पद्धतीचं एक मूळ नाव शिल्लक राहिलेलं असे, वंशवृक्ष येण्याच्या आधीच्या काळातलं. त्याचा पासवर्ड पहिल्या दिवशी जो ठेवला तोच कायम. बांध असो नसो, त्या नावाने सर्व्हरपाशी बसून शाखेत शिरता येत होतं आणि नवा धनी नेमता येत होता. गोपनीय शाखेच्या सर्व्हरवर पहिल्या दिवशी तो पासवर्ड टाकला होता त्रिपाठीजींनी. कुठे लिहून ठेवला असेल तर ते त्रिपाठीजी कसले!

मी सोनारपुऱ्याला त्यांच्या घरी गेले. ते नुकतेच गयेहून पितरांचं करून आले होते. डोकं भादरलेलं, प्रसन्न चेहरा, गालात पान. मी सगळं सांगितलं. विमलाचं नाव ऐकताच ते ताठ बसले, मग हळूहळू त्यांचा चेहरा पडला.

“बहिनजी, हम तो दफ़्तर गया में छोड़ आए.”

मला आधी कळेचना. मग कळलं. गयेला श्राद्ध केलं की आपली एखादी आवडती गोष्ट तिथे कायमची सोडायची, हे आपल्याकडेही आहे. गयावर्जन म्हणतो आपण. लोक हुशार असतात. कारलं सोडतात, पडवळ सोडतात, जे नाहीतरी खात नाहीत ते सोडतात. तिथल्या पंड्याने, म्हणजे विधी करवणाऱ्या भटजीने, त्रिपाठीजींना विचारलं, सगळ्यांत प्रिय काय? हा सरळ माणूस खरं बोलला. दफ़्तर. हातात पाणी घेऊन त्यांनी कचेरी सोडली. तिथे जायचं नाही, तिथलं काम करायचं नाही. बापाच्या पिंडासमोर दिलेला शब्द.

“नुसता पासवर्ड सांगा, मी टाकते,” मी म्हटलं.

“गोपनीय है,” ते म्हणाले, अगदी कळवळून. “रिटायर हुए हैं, शपथ थोड़े रिटायर हुई है.”

म्हणजे सांगायचा तर शपथ मोडते आणि येऊन टाकायचा तर व्रत मोडतं. मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, तुमच्या व्रतात एका पोरीची नोकरी जाते आहे. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडायला आली, तेव्हा हळूच म्हणाली की हे रात्रभर झोपायचे नाहीत आता.

मी घरी न जाता थेट बालाजी घाटाकडे काकांकडे गेले. काका म्हणजे माझे सख्खे चुलते, भिक्षुकी करणारे. आयुष्यभर दक्षिणेकडच्या यात्रेकरूंचे विधी केलेले, त्यामुळे काय सोडता येतं आणि कसं सोडता येतं यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पायरीवर बसून धोतर वाळवत होते.

“काय ग उषे, मुँह लटकावून का आलीस?”

मी सांगितलं. काका इतके हसले की शेजारच्या पायरीवरचा माणूस वळून बघायला लागला. “अरे वा! इतक्या वर्षांत कचेरी सोडलेला जजमान पाहिला नव्हता. माझ्याकडे सगळे भोपळाच सोडतात.” मग गंभीर झाले. “चल. उठ. त्या गृहस्थाला मला भेटायचंच आहे.”

ओल्या पंच्यावरच निघाले. त्रिपाठीजींनी त्यांना पाटावर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं. काकांनी वाकड्यात न शिरता विचारलं, “त्रिपाठीजी, जिसने आम छोड़ा हो, वह पोते को आम काटकर नहीं देगा?”

“देगा, महाराज.”

“बस तो. त्याग भोग का होता है, कर्तव्य का नहीं. आम काटिए, बच्ची को दीजिए. केवल उँगली मत चाटिएगा.”

त्रिपाठीजींनी लगेच मानलं नाही. शंका काढल्या, काकांनी फेडल्या. शेवटी कलमं ठरली. कचेरीत जायचं, पण आपल्या खुर्चीवर बसायचं नाही. तिथलं पाणी प्यायचं नाही, चहा तर नाहीच. कुणाशी कामाच्या गप्पा मारायच्या नाहीत. अक्षरं टाकायची आणि उलट्या पावली परत यायचं. मला वाटलं होतं त्यापेक्षा हा करारनामा कडक होता, पण मी कशालाही हो म्हणायला तयार होते.

दुसऱ्या दिवशी ते आले. समिती हजर, सिंहसाहेब हजर, विमला भिंतीला टेकून उभी. शिपायाने सवयीने त्यांची खुर्ची पुसून पुढे केली. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी सर्व्हर त्या जुन्या नावापाशी आणून ठेवला होता. ते उभ्यानेच कीबोर्डवर वाकले आणि सगळ्यांना म्हणाले, “मुँह फेर लीजिए.”

उपकुलसचिवांसकट आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागून कळांचा आवाज आला, सावकाश, एका बोटाने. मग ते म्हणाले, “देखिए.”

आत गेलं होतं. इतके दिवस बंद असलेली पेटी उघडी होती. मी भराभर नवा धनी नेमला. एक नाही, दोन नेमले. मग बांध काढला, बाहेर पडलेल्या मंडळींना आत घेतलं. आणि शाखेच्या मालकीची नोंद उघडून समितीला दाखवली: जुन्या धन्याची रिकामी जागा, आणि मी आत्ता नेमलेल्या दोघांखेरीज दुसऱ्या कुणाचं नाव तिथे कधीच नाही. विमलाला असं काही करण्याचा अधिकार कधी दिलेलाच नव्हता. ती ओळ तिच्या खात्यातून पुन्हा काढून दाखवली मी. तुम्हाला अधिकार नाही. जन्मात पहिल्यांदा ती ओळ बघून मला आनंद झाला. सिंहसाहेब म्हणाले, “हूँ.” माफी वगैरे नाही. पण ‘हूँ’ समितीच्या कागदात आलं, आणि पुढे पक्क्या नोकरीची फाईलही हलली.

विमलाचा मात्र तेव्हा बांध फुटला. ती त्रिपाठीजींच्या पायाशी बसून हमसून हमसून रडली. “पगली,” ते म्हणाले, “हमारी शाखा की लड़की को कौन हाथ लगाएगा?” आणि हसले. काय हसले! खोली भरून. बाहेर पडलेले सगळे ऑपरेटर गोळा झाले, जुनी थट्टा सुरू झाली, कुणाचा निकाल अडलाय, कुठलं छपाईयंत्र कुरकुरतंय. त्रिपाठीजींचा हात नकळत आपल्या खुर्चीच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला.

मग एकदम त्यांनी तो काढून घेतला. चटका बसल्यासारखा. मला बाजूला बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “बहिनजी, अपने चाचाजी से कह दीजिएगा. उँगली चाट ली हमने.”

मी म्हटलं, एवढ्याने काही होत नाही. त्यांनी मान हलवली आणि पायऱ्या उतरून गेले. काकांना सांगितलं तर काकाही पहिल्यांदाच हसले नाहीत. “असा माणूस मला जजमान मिळायला हवा होता,” एवढंच म्हणाले.

विमलाला पक्कं केल्याचा कागद आला तेव्हा ती मला घेऊन त्रिपाठीजींकडे मिठाई द्यायला गेली. वाटेत त्यांच्या नेहमीच्या पानवाल्याकडून, त्यांना लागतं तसं, कातचुन्याचं प्रमाण सांगून तिने बीडा बांधून घेतला. हिरव्या पानात गुंडाळून, ओल्या फडक्यात, हातात जपून. आम्ही गेलो. त्रिपाठीजी बाहेरच बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं. ओठ कोरडे होते. बनारसचा माणूस, आयुष्य पानावर काढलेला, आणि गालात काही नाही.

विमलाने बीडा पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. “आप खाइए, हमारी तरफ़ से. हमको दाँत के डॉक्टर ने मना किया है.”

डॉक्टर! चाटलेल्या बोटाचा तो दंड होता, हे मला कळलं. पानाला कधी तोंड लावलं नव्हतं मी. आमच्या घरात बायका खात नसत. पण तो बीडा मी त्यांच्यासमोर तोंडात टाकला आणि शेवटपर्यंत चावला. डोळ्यांत पाणी आलं ते विमलाला वाटलं तंबाखूमुळे. ती हसायला लागली. त्रिपाठीजीही हसले. पुढे ते वारले तोपर्यंत त्यांनी पान खाल्लं नाही.

विमला आता त्या शाखेची अधीक्षक आहे. दर वर्षी त्यांच्या तिथीला ती त्यांच्या तसबिरीपुढे पान ठेवते, कातचुन्याचं प्रमाण सांगून बांधून घेतलेलं. तिला मी खरं काय ते कधी सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. इथे लिहिलं, कारण तिला मराठी वाचता येत नाही.